कापडावरील जकात आणि राज्यसत्ता, १८५९ ते १९४७: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश अमदानीत बाहेरून येणाऱ्या कापडावर हिंदुस्थान सरकारने किती जकात घ्यावी, या प्रश्नावर पाऊणशे वर्षे वाद चालला. या वादातले आरंभीचे आकडे आज क्षुल्लक वाटतात: साडेतीन टक्के, पाच टक्के, फार तर साडेसात टक्के. परंतु तेवढ्यासाठी एका व्हाइसरॉयने आपल्याच कौन्सिलचे बहुमत बाजूला सारले, भारतमंत्र्यांच्या दारी शिष्टमंडळे गेली, आणि स्वदेशीच्या चळवळीला तिचे पहिले ठोस कारण मिळाले. दर ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामागचा खरा तंटा होता. खालील प्रश्नोत्तरे त्या तंट्याविषयी आहेत.

१. व्यापारधोरण आणि राज्यसत्ता यांचा संबंध समजून घेण्यासाठी कापडाचेच उदाहरण का घ्यावे?

कापडात तीन हितसंबंध एकमेकांना थेट भिडत होते. पहिला लँकशायरचा, म्हणजे इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या परगण्याचा. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७ अब्ज यार्ड सुती कापड निर्यात केले आणि त्यातले सुमारे ३ अब्ज यार्ड एकट्या हिंदुस्थानात उतरले. दुसरा येथील गिरण्यांचा. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत काढलेल्या कंपनीपासून सुरू झालेला हा धंदा पंचवीस वर्षांच्या आत नागपूर, सोलापूर, अहमदाबाद येथवर पोचला होता. तिसरा खुद्द हिंदुस्थान सरकारचा. शेतसारा, अफू आणि मीठ यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या तिजोरीला आयात जकात हा सर्वांत कमी असंतोष ओढवून घेणारा मार्ग होता.

ताग आणि चहा यांच्या बाबतीत असा संघर्ष पेटला नाही, कारण ते धंदे बहुतांशी ब्रिटिश भांडवलाचेच होते. मुंबईच्या गिरण्यांचे भांडवल मात्र मोठ्या प्रमाणात देशी होते. एकाच राजसत्तेखालचे दोन उद्योग एकाच गिऱ्हाइकासाठी झगडत असताना राज्य कोणाच्या बाजूने उभे राहते, हे कापडाइतके स्वच्छ इतरत्र क्वचितच दिसते.

२. इंग्लंड पहिल्यापासून खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते होते का?

नव्हते. आशियातून येणाऱ्या छापील सुती कापडाचा देशांतर्गत वापर रोखणारा कायदा इंग्लंडने १७०० मध्ये केला. तो अपुरा पडतो असे दिसताच १७२१ मध्ये बहुतेक सर्व छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली, आणि ही बंदी १७७४ पर्यंत टिकली. त्यानंतरही जकातींची भिंत होतीच. १८१३ च्या सुमारास हिंदुस्थानी कापडाच्या काही प्रकारांवर इंग्लंडमध्ये ७० टक्क्यांहून अधिक जकात बसत असे. परदेशी जहाजांना व्यापारातून दूर ठेवणारे नौकानयनाचे कायदे १६५१ पासून जवळजवळ दोनशे वर्षे चालले आणि १८४९ मध्ये रद्द झाले. धान्यावरील संरक्षक जकात काढण्याचा निर्णय १८४६ चा.

म्हणजे ब्रिटनने खुला व्यापार स्वीकारला तो त्याच्या यंत्रमागांना जगात कोणी तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा. यावरून खुल्या व्यापाराचे तत्त्वच ढोंगी ठरते असे नाही. त्या तत्त्वावर मनापासून विश्वास असलेले अनेक लोक होते, आणि स्वस्त धान्यामुळे ब्रिटनमधील कामगारांचा फायदाही झाला. मात्र स्वतः दीड शतक संरक्षणाच्या आडोशाने वाढलेल्या देशाने तोच आडोसा दुसऱ्याला नाकारणे, आणि नाकारताना त्याला शास्त्राचा आधार देणे, हे केवळ सत्तेच्या बळावर शक्य झाले.

३. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातील जकातींची स्थिती काय होती?

समुद्रावरची जकात हलकी आणि देशांतर्गत जकात जाचक, अशी उलटी स्थिती होती. विलायती कापड अगदी कमी दराने बंदरात उतरे. देशी माल मात्र एका भागातून दुसऱ्या भागात नेताना वाटेतल्या नाक्यांवर जकात भरत जाई. चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी बंगालमधील या नाक्यांची कठोर तपासणी केल्यानंतर १८३६ मध्ये तेथील अंतर्गत जकाती उठल्या, आणि मुंबई व मद्रास इलाख्यांनी पुढे तोच मार्ग धरला.

४. १८५९ मध्ये जकात एकदम का वाढवली गेली?

पैशासाठी. १८५७ चा उठाव मोडण्याच्या खर्चाने तिजोरी रिकामी झाली होती आणि कर्ज वाढले होते. १८५९ मध्ये बहुतेक आयात मालावरील जकात १० टक्क्यांवर नेण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानचे पहिले वित्त सदस्य म्हणून जेम्स विल्सन कलकत्त्याला आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे हे संस्थापक, आणि खुल्या व्यापाराचे कट्टर समर्थक. त्यांनीही आल्याबरोबर जकात काढून टाकली नाही. १८६० च्या अर्थसंकल्पात ती चालू ठेवून त्यांनी वर प्राप्तिकर बसवला. त्याच वर्षी कलकत्त्यातच त्यांचा मृत्यू झाला. तिजोरी सावरताच, १८६२ मध्ये, कापडावरील जकात ५ आणि सुतावरील साडेतीन टक्क्यांवर आली.

येथे एक क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरकारला पैशाची निकड भासली की तत्त्व मागे पडते आणि जकात वाढते. निकड सरली की तत्त्व परत येते. पुढे १८९४, १९१७, १९२१ आणि १९३१ मध्ये हेच घडले. जकातीचा इतिहास राष्ट्रीय चळवळीच्या रेट्याने सांगण्याची आपल्याकडे रीत आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण तारखा लावून पाहिल्या तर रित्या तिजोरीने जेवढे मिळवून दिले तेवढे सभांतील ठरावांनी दिले नाही.

५. पाच टक्के जकातीला मँचेस्टरचा आक्षेप काय होता, आणि तो खरा होता का?

लँकशायरचे मुख्य व्यापारी शहर असलेल्या मँचेस्टरच्या चेंबर ऑफ कॉमर्सने १८७४ मध्ये भारतमंत्र्यांकडे निवेदन दिले. विलायती कापड ५ टक्के जकात भरते, मुंबईच्या गिरणीतील कापड काहीच भरत नाही. म्हणून ही जकात महसुलासाठी असल्याचे म्हटले तरी प्रत्यक्षात ती देशी गिरण्यांना दिलेले संरक्षण आहे, आणि शिवाय ती गरीब रयतेचे कापड महाग करते, असा त्याचा आशय होता.

तर्क म्हणून आक्षेपात चूक नाही. आयात मालावर कर आहे आणि तशाच देशी मालावर नाही, तर तेवढ्यापुरते देशी मालाला झुकते माप मिळतेच. पण वस्तुस्थिती निराळी होती. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे सूत काढीत आणि त्याचेच कापड विणीत. लँकशायरचा माल बहुतांशी बारीक सुताचा. दोघांची खरी स्पर्धा थोड्या प्रकारांपुरती होती. मुंबईच्या गिरण्यांची भरभराट होत होती ती दाराशी मिळणारी रुई, स्वस्त मजुरी आणि चीनची सुताची बाजारपेठ यांमुळे. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक स्वतः खुल्या व्यापाराचे समर्थक असूनही त्यांचे म्हणणे असे होते की एवढ्या हलक्या जकातीने संरक्षण होत नाही, आणि हातचे उत्पन्न सोडण्याइतकी तिजोरी भक्कम नाही. १८७५ च्या कायद्यात त्यांनी कापडावरील ५ टक्के कायम ठेवून, मँचेस्टरचे समाधान म्हणून, बाहेरून येणाऱ्या लांब धाग्याच्या कापसावर ५ टक्के जकात बसवली, म्हणजे मुंबईच्या गिरण्या बारीक सुताकडे वळू नयेत अशी सोय केली. भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. जकात जावी, असा त्यांचा आग्रह राहिला. १८७६ मध्ये नॉर्थब्रूक राजीनामा देऊन परतले आणि त्यांच्या जागी लॉर्ड लिटन आले.

रयतेच्या कापडाची जी काळजी मँचेस्टरने वाहिली, ती त्याच रयतेच्या मिठावरील करापर्यंत कधी पोचली नाही, हेही नोंदवायला हवे.

६. १८७९ चा लिटन यांचा निर्णय इतका वादग्रस्त का ठरला?

पार्श्वभूमी पाहा. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, मद्रास आणि म्हैसूर भागांत भीषण दुष्काळ पडला होता. त्याच दुष्काळात, जुलै १८७७ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला की हिंदुस्थानातील कापडावरची जकात संरक्षक स्वरूपाची आहे, आणि आर्थिक स्थिती परवानगी देताच ती विनाविलंब रद्द व्हावी. दुष्काळाच्या खर्चासाठी १८७८ मध्ये व्यापाऱ्यांवर परवाना कर बसला. वर्षअखेरीस अफगाणिस्तानशी युद्ध सुरू झाले. आर्थिक स्थिती परवानगी देत होती असे कोणत्याही हिशेबाने म्हणता आले नसते.

तरीही मार्च १८७९ मध्ये लिटन यांनी ३० नंबरपर्यंतच्या सुताचे (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक) कोरे कापड जकातीतून मुक्त केले. वित्त सदस्य जॉन स्ट्रेची त्यांच्या बाजूला होते, पण कौन्सिलचे बहुमत विरुद्ध गेले. तेव्हा लिटन यांनी आपला विशेषाधिकार वापरला. देशाची सुरक्षितता, शांतता किंवा हित यांना बाधा येत असल्यास गव्हर्नर जनरलने कौन्सिलचे मत डावलून निर्णय घ्यावा, यासाठी १८७० च्या कायद्यात ही तरतूद होती. विलायती कापड काही टक्क्यांनी स्वस्त करणे हे या कलमात कसे बसते, याचे समाधानकारक उत्तर तेव्हाही मिळाले नाही.

विरोधात गेलेले सदस्य ब्रिटिश अधिकारीच होते, हे विसरू नये. कलकत्त्याचे सरकार आणि लंडनचे सरकार यांचे हित प्रत्येक वेळी एक नसे. कलकत्त्याला हिशेब जुळवायचा असे आणि लंडनला लँकशायरचे मतदारसंघ सांभाळायचे असत. १८७९ मध्ये लंडन जिंकले.

७. १८८२ मध्ये सर्वच आयात जकाती काढल्यावर उत्पन्नाची तूट कशी भरून काढली?

लॉर्ड रिपन यांचे वित्त सदस्य एव्हलिन बेअरिंग यांनी १८८२ मध्ये मीठ, मद्य, शस्त्रे अशा मोजक्या वस्तू वगळता सर्व आयात जकाती रद्द केल्या. काही वर्षे आर्थिक स्थिती बरी असल्याने ते खपले. त्यानंतर १८८६ मध्ये प्राप्तिकर परत आला, आणि जानेवारी १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. विलायती कापड करमुक्त आणि मीठ अडीच रुपये मण, ही स्थिती १८९४ पर्यंत राहिली. स्वतः ब्रिटनही मद्य, तंबाखू, चहा यांवर महसुली जकात घेत होते. एवढे निर्भेळ खुले दरपत्रक त्यांनी स्वतःच्या बंदरांनाही लावलेले नव्हते.

८. देशी कापडावरील अबकारी जकात म्हणजे काय, आणि ती का बसवली गेली?

या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत बोलका भाग आहे, म्हणून तो सविस्तर पाहणे योग्य होईल.

रुपया चांदीचा होता आणि चांदीचा भाव १८७३ नंतर सतत घसरत गेला. एका रुपयाला पूर्वी सुमारे दोन शिलिंग मिळत, ते १८९०च्या दशकाच्या आरंभी सव्वा शिलिंगाच्या आसपास आले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये व्याज, निवृत्तिवेतने, भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च इत्यादी ‘होम चार्जेस’ पौंडांत द्यावे लागत, आणि उत्पन्न तर रुपयांत होते. हुंडणावळीचा दर पडला की तेवढेच पौंड पाठवायला अधिक रुपये लागत. जून १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद केल्या तरी तूट भरून निघेना.

म्हणून मार्च १८९४ मध्ये ५ टक्के आयात जकात पुन्हा आली, पण त्यातून सुती कापड वगळले होते. जी वस्तू आयातीत सर्वांत मोठी, तीच वगळून महसूल उभा करण्याचा हा प्रकार टिकणे शक्य नव्हते. डिसेंबर १८९४ मध्ये कापड आणि सूत यांवरही ५ टक्के जकात बसवली गेली, आणि लंडनच्या आग्रहावरून तिच्या जोडीला देशी गिरण्यांतील २० नंबरच्या वरच्या सुतावर ५ टक्के अबकारी जकात, म्हणजे देशातच तयार झालेल्या मालावरचा कर, आली. लँकशायरला हेही पुरेसे वाटले नाही. फेब्रुवारी १८९६ मध्ये नवी व्यवस्था झाली: सूत मुक्त, आयात कापडावर साडेतीन टक्के, आणि देशी गिरण्यांत विणलेल्या सर्व कापडावर, मग ते कितीही जाडेभरडे असो, साडेतीन टक्के अबकारी. हातमागाचे कापड तेवढे सुटले.

परिणाम असा झाला की लँकशायर ज्या मालात उतरतच नव्हते त्या जाड कापडावरही कर बसला, आणि असे कापड नेसणारा वर्ग सर्वांत गरीब होता. शिवाय लँकशायरवरचा कर ५ वरून साडेतीन टक्क्यांवर आला तो वेगळाच. महसुलाची बाजू म्हणावी तर तीही कमकुवत झाली. आपल्याच देशातील उद्योगाला, परदेशी उद्योगाची बरोबरी साधावी म्हणून, मुद्दाम कर लावणारे सरकार जगात दुसरे कोणते होते असे तेव्हाचे देशी अर्थचिंतक विचारीत, आणि या प्रश्नाला सरकारपाशी उत्तर नव्हते. कायदेकौन्सिलातील सरकारी सदस्यांनी लंडनच्या आदेशाप्रमाणेच मत दिले पाहिजे, हे याच सुमारास स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले.

९. महाराष्ट्रात या धोरणाची प्रतिक्रिया काय उमटली?

विचार आणि कृती अशा दोन्ही अंगांनी उमटली. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७७ मध्ये मुंबईत व्याख्यान देऊन खुला व्यापार आणि संरक्षण यांचा हिंदुस्थानच्या दृष्टीने ऊहापोह केला. त्याच वर्षीच्या दिल्ली दरबारास सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गेलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातसुताच्या खादीच्या वेषात हजर राहिले. १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. सम्राज्ञीच्या नावाची ही गिरणी ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी तिच्या पार्लमेंटने जकातीविरुद्ध ठराव केला.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडलेला मुद्दा अधिक मूलगामी होता. अर्थशास्त्राचे नियम स्थलकालनिरपेक्ष नसतात. प्रत्येक राष्ट्राची अवस्था पाहूनच धोरण ठरले पाहिजे, असे सांगताना त्यांनी फ्रीडरिख लिस्ट या जर्मन विचारवंताचा आधार घेतला. मात्र रानडे केवळ जकातीवर भिस्त ठेवणारे नव्हते. भांडवल, पतपुरवठा आणि तांत्रिक शिक्षण यांत सरकारने प्रत्यक्ष साह्य करावे, यावर त्यांचा भर होता, कारण जकात लंडनच्या हाती असेपर्यंत हेच मार्ग मोकळे होते, हे ते जाणून होते.

१८९६ ची अबकारी जकात आली तेव्हा टिळकांनी विलायती कापड न वापरण्याचा प्रचार हाती घेतला. वंगभंगानंतरच्या, १९०५ च्या बहिष्काराला जवळजवळ एक दशक अवकाश होता. गोखले यांनी १९०२ पासून वरिष्ठ कायदेकौन्सिलातील अर्थसंकल्पीय भाषणांत मीठ आणि कापड या दोन्ही करांचा पाठपुरावा केला. मिठावरील कर १९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये टप्प्याटप्प्याने कमी होऊन एक रुपयावर आला. कापडाची अबकारी तशीच राहिली. मीठ स्वस्त झाल्याने लँकशायरचे काही बिघडत नव्हते.

१०. गिरणीमालकांचे हित म्हणजेच देशाचे हित, असे मानणे योग्य आहे का?

नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यामागे लँकशायरचा मत्सर होता हे खरे, पण कामाचे अमर्याद तास आणि मुलांची मजुरी हेही खरेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी केली. ती मान्य व्हायला १८९० उजाडले. मँचेस्टरने मागितलेला आणि लोखंडे यांनी मागितलेला कायदा काही ठिकाणी जुळत होता, एवढ्यावरून लोखंडे परक्यांचे हस्तक ठरत नाहीत.

हातमागाच्या विणकराचे हित आणखी वेगळे होते. त्याचा कच्चा माल म्हणजे सूत. १९२७ मध्ये परदेशी सुतावर संरक्षक जकात बसली तेव्हा गिरण्यांना जो आधार मिळाला त्याची किंमत विणकरांनी मोजली.

अबकारी जकात अखेर गेली तीही कामगारांच्या संपातून. सप्टेंबर १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. अबकारी हटवा, मग कपात मागे घेऊ, अशी मालकांची भूमिका होती. १ डिसेंबर १९२५ पासून सरकारने अबकारी स्थगित केली, कपात मागे घेतली गेली, आणि १८९६ मध्ये अस्तित्वात आलेला हा कर १९२६ मध्ये कायमचा रद्द झाला. तीस वर्षांचे अर्ज आणि भाषणे यांनी जे साधले नव्हते ते अडीच महिन्यांच्या संपाने साधले. श्रेय बहुधा मालकांनाच मिळाले.

११. साम्राज्यातील इतर वसाहतींनाही असेच वागवले गेले का?

या प्रश्नाचे उत्तर कॅनडात सापडते. १८५९ मध्ये, म्हणजे हिंदुस्थानात जकात वाढली त्याच वर्षी, कॅनडाचे वित्तमंत्री अलेक्झांडर गॉल्ट यांनी ब्रिटिश मालावरची जकात वाढवली. शेफिल्डच्या कारखानदारांनी लंडनकडे तक्रार केली आणि लंडनने ती कॅनडाकडे पाठवली. गॉल्ट यांनी उत्तर दिले की आपल्या लोकांवर कोणते कर बसवायचे हे ठरवण्याचा अधिकार कॅनडाच्या विधिमंडळाचा आहे, आणि तो काढून घेतला तर स्वराज्याला काही अर्थ राहणार नाही. लंडन गप्प बसले.

साम्राज्याबाहेरच्या दुबळ्या राज्यांची गत हिंदुस्थानसारखीच होती. ऑटोमन तुर्कस्तानने १८३८ च्या तहाने आयात जकात ३ टक्क्यांवर बांधून घेतली, सयामने १८५५ मध्ये तसेच केले. चीनवर अफूच्या युद्धानंतर सुमारे ५ टक्क्यांचे दरपत्रक लादले गेले. जपाननेही १८६६ मध्ये ५ टक्के मान्य केले; मात्र पुढे सैन्य, कायदे आणि उद्योग उभारून त्याने १९११ मध्ये जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य परत मिळवले. कॅनडा, जपान आणि हिंदुस्थान यांची तुलना केली तर आर्थिक सिद्धांत तिघांना सारखाच लागू व्हायला हवा होता. लागू झाला तो ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे.

१२. गोव्याचा या धोरणाशी काय संबंध होता?

बराच जवळचा. डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बन येथे तह होऊन पोर्तुगीज गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांचा जकात संघ झाला. तो १८८० पासून अंमलात आला. गोव्यातील मीठ उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले, कारण गोव्याचे स्वस्त मीठ चोरट्या मार्गाने घाटावर गेल्यास ब्रिटिशांचा मीठकर बुडत असे; त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये ठरले. मुरगाव बंदर आणि तेथून घाटाकडे जाणारी रेल्वे याच तहाची फळे.

मिठागरे आणि माडाच्या दारूचा धंदा यांवर पोट असलेल्यांना नव्या बंधनांचा मोठा फटका बसला, आणि मुंबईकडे जाणाऱ्या गोवेकरांत भर पडली. १८९२ मध्ये तहाची मुदत संपली व तो पुढे चालू राहिला नाही. जकात संघात दोन भागीदार असमान असले की दर कोण ठरवतो, हे गोव्याने बारा वर्षे अनुभवले.

१३. जकातीचे स्वातंत्र्य हिंदुस्थानला प्रत्यक्षात केव्हा मिळाले?

टप्प्याटप्प्याने, आणि कधीही पूर्णपणे नाही. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानने १० कोटी पौंडांचा भार उचलला, आणि त्यासाठी उत्पन्न हवे म्हणून कापडावरील आयात जकात साडेसात टक्के झाली. देशी अबकारी साडेतीनवरच राहिली. १८७० च्या दशकापासून लँकशायरला प्रथमच हार पत्करावी लागली. १९१९ च्या सुधारणांबरोबर पार्लमेंटच्या संयुक्त समितीने संकेत घालून दिला की हिंदुस्थान सरकार आणि त्याचे विधिमंडळ यांचे एकमत असेल तेव्हा भारतमंत्र्यांनी जकातीच्या बाबतीत शक्यतो हस्तक्षेप करू नये. १९२१ मध्ये जकात ११ टक्के झाली. त्याविरुद्ध लँकशायरचे शिष्टमंडळ आले तेव्हा भारतमंत्री माँटेग्यू यांनी हा संकेत पुढे करून हस्तक्षेपास नकार दिला.

त्यानंतर मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली फिस्कल कमिशन नेमले गेले. बहुमताने निवडक उद्योगांपुरते, कसोट्या लावून संरक्षण देण्याची शिफारस केली. स्वतः अध्यक्षांनी काही हिंदी सदस्यांसह अधिक व्यापक संरक्षणाची भिन्नमतपत्रिका जोडली. १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड आले आणि १९२४ मध्ये जमशेदपूरच्या पोलादाला संरक्षण मिळाले.

पण हुंडणावळ लंडनच्याच हाती राहिली. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. मुंबईच्या व्यापारी वर्गाची मागणी १ शिलिंग ४ पेन्सची होती. या दोन दरांतला फरक सुमारे साडेबारा टक्के येतो, आणि महाग रुपयामुळे आयात माल तेवढाच स्वस्त पडतो. एका हाताने दिलेली जकात दुसऱ्या हाताने काढून घेता येते, हे मुंबईच्या बाजाराला समजावून सांगावे लागले नाही.

१४. १९३०च्या दशकात जपानशी झालेला तंटा कशाबद्दल होता?

१९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ टक्के आणि इतर देशांच्या कापडावर २० टक्के जकात बसवून साम्राज्याला झुकते माप दिले. १९३२ च्या ओटावा करारांनी हीच दिशा पक्की केली. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णमान सोडले, येनचा भाव कोसळला आणि जपानी कापड अतिशय स्वस्त झाले. जून १९३३ पर्यंत ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेण्यात आली. जपानने उत्तरादाखल हिंदुस्थानी रुई घेणेच थांबवले.

याची झळ गिरण्यांपेक्षा वऱ्हाड आणि खानदेशातील कापूस शेतकऱ्यांना बसली, कारण आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपानच होते. १९३४ च्या आरंभी तडजोड झाली: जकात ५० टक्के, आणि जपानने १० लाख गाठी रुई घेतल्यास त्याला ३२.५ कोटी यार्ड कापड पाठवता येईल. १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी. दरम्यान मुंबई मिलमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी यांनी १९३३ मध्ये लँकशायरच्या क्लेअर-लीस शिष्टमंडळाशी परस्पर करार केला, ज्यावर राष्ट्रीय वृत्तपत्रांतून सडकून टीका झाली. चाळीस वर्षे ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्याशी हातमिळवणी करण्याइतकी जपानची धास्ती मुंबईच्या काही मालकांना वाटत होती.

१५. स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेचे काय झाले?

दर ठरवण्याचा अधिकार दिल्लीकडे आला, पण कायद्याची चौकट बरीच वर्षे जुनीच राहिली. लिटन यांच्या काळातील १८७८ चा सागरी जकात कायदा जाऊन १९६२ चा सीमाशुल्क कायदा आला, आणि १९३४ च्या दरपत्रक कायद्याची जागा १९७५ च्या कायद्याने घेतली. स्वतंत्र होऊन अडीच महिने होतात तोच, ऑक्टोबर १९४७ मध्ये, जिनिव्हा येथे भारताने जकाती व व्यापारविषयक सर्वसाधारण करारावर, म्हणजे गॅटवर, सही केली. मूळच्या २३ सदस्यांत भारत होता. हाती नुकत्याच आलेल्या अधिकाराचा काही भाग वाटाघाटींत बांधून घेणारा हा करार होता. मात्र या वेळी सही करणारा प्रतिनिधी स्वतंत्र सरकारने पाठवलेला होता.